भाताचा चौथा डाव

हाम जेगूच्या घरात जेवण कधी मुकाट्यानं झालं नाही. सून भात वाढायला बसली की सासू मोजायला बसायची.

"एक... दोन... तीन. बास! आवर तो हात. अजून कुणाला गाडायचंय?"

दिवसातून दोनदा, नऊ वर्षं. शेजारच्या खोल्यांमधली माणसं पातळ भिंतीपलीकडून हे आकडे ऐकून आपापल्या जेवणाची वेळ ओळखायची.

कोरियातल्या आमच्या सोत्गोलच्या खाणवस्तीत चार हा आकडा मरणाचा, दोन्हींचा उच्चार एकच. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या डब्यात भाताचे दोन डाव घालावेत, तीन घालावेत, भूक मोठी असेल तर पाच घालावेत. चार घालू नयेत. हे इथल्या पोरींना नीट बोलता यायच्या आधी कळतं. आणि ऐंशी सालच्या मार्चमध्ये एका सकाळी जेगूच्या बायकोनं, इमसुननं, त्याच्या डब्यात तीन डावांवर चौथा घातला. सासूनं तो अंगणातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. दुपारी तीनच्या सुमारास खाणीचं छत बसलं. जेगूचा जोडीदार इल्बोंग आत मेला. जेगूला एकतीस तासांनी बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या आईनंसुद्धा त्याला ओळखलं ते हातावरच्या भाजल्याच्या जुन्या डागावरून.

वस्तीला एवढं पुरेसं होतं. टेकू कुजके होते का, कंपनीनं लाकूड कमी दिलं होतं का, हे कुणी विचारलं नाही. कंपनीला विचारायला हिंमत लागते. सुनेला विचारायला लागत नाही.

इमसुननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चौथा डाव त्यांनीच मागितला."

त्यावर सासू जी उसळली! "माझा लेक तिकडे नळ्या लावून पडलाय, त्याला तोंड उघडता येत नाही, आणि तू त्याच्यावर खापर फोडतेस? पांढऱ्या पायाची अवदसा कुठली!" बायकांनी माना डोलावल्या. इल्बोंगची विधवा दोंग्जा इमसुनच्या पायाशी थुंकली. तेव्हापासून इमसुननं तोंड मिटलं आणि नवरा बोलायची वाट पाहिली. तो बोलला तर ती सुटणार होती. दुसऱ्या कुणाच्या शब्दाला वस्तीत किंमत नव्हती.

जेगू बोलला, पण सात आठवड्यांनी, आणि बोलला ते असं, "मला पाणी द्या. तुम्ही कोण?"

कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलेलं, डावी मांडी चुरा झालेली, डोक्याला हाताचा तळवा मावेल एवढी खोक. आठ महिने शहरातल्या इस्पितळात, मग जायबंदी कामगारांच्या वॉर्डात दीड वर्ष. तिथे तो पुन्हा बसायला शिकला, चमचा धरायला शिकला, लघवी आली हे ओळखायला शिकला. बायकोचं नाव आठवलं, आईचं आठवलं, खाणीतल्या बोगद्यांचे नंबर आठवले. तो एक दिवस तेवढा आठवला नाही. डॉक्टरांनी बजावलं, "त्या दिवसाबद्दल विचारू नका. आलं तर आपोआप येईल."

इमसुननं एकदाच विचारलं, वॉर्डातून घरी आणायच्या आदल्या दिवशी. "डब्याचं काही आठवतं का हो?"

"नाही आठवत," तो म्हणाला. तेव्हा ते खरं होतं.

घरी आला तो माणूस मात्र कुणालाच नको होता. पूर्वीचा जेगू हसरा होता, पिऊन आला तरी गाणी म्हणत यायचा. हा दिवसभर भिंतीला टेकून बसायचा आणि शिव्या द्यायचा. डाव्या पायाला, थंडीला, कंपनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला, भेटायला येणाऱ्या माणसांनी आणलेल्या सफरचंदांना. "मी मेलोय का, फळं घेऊन यायला?" असं म्हणून त्यानं एका जुन्या मित्राला अख्ख्या पिशवीसकट बाहेर काढलं. त्याची चूल पेटती ठेवणारी, त्याला पुसणारी, कूस बदलून देणारी बायको तर सगळ्यात जवळ होती. त्यामुळे सगळ्यात जास्त तिच्या वाट्याला यायचं.

पहिल्या हिवाळ्यात त्यानं सोयाबीनच्या कालवणाचा गरम वाडगा तिच्या अंगावर फेकला. खारट झालं होतं म्हणे. मनगट भाजलं. तिनं वाडगा उचलला, जमीन पुसली, आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऐका. इथून नळ अठ्ठावन्न पावलांवर आहे. ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या पायांनी नळापर्यंत जाल, त्या दिवशी तुमची चाकरी संपली. मी माझ्या बहिणीकडे आन्सानला जाईन. तोवर मी मरत नाही आणि तुम्हालाही मरू देणार नाही."

"जा की आत्ताच. कुणी धरलंय?"

"पांगळ्या नवऱ्याला टाकून गेली, एवढं एकच ऐकायचं राहिलंय. तेही कशाला ऐकू?"

सासूला ते रागाच्या भरातलं बोलणं वाटलं. जेगूला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला उभं केलं. खरंच उभं केलं. काखेत डोकं घालून, पाठीवर ओझं घ्यावं तसं. पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर दोन पावलं. जिथे तो थांबला, तिथे तिनं चुलीतून काढलेली जळकी कोळशाची वडी ठेवली. आमच्याकडे भोकाभोकांच्या त्या गोल वड्या जळून पांढुरक्या झाल्या की गल्लीतल्या बर्फावर चुरतात, पाय घसरू नये म्हणून. इमसुननं ही एक चुरली नाही. दुसऱ्या दिवशी तो वडीपाशी पोचला की ती म्हणायची, "अजून एक." तो आईबहिणीवरून शिव्या द्यायचा आणि एक पाऊल टाकायचा. वडी एक पाऊल पुढे जायची. कधीकधी तो कुबडीनं वडीचा भुगा करायचा. ती आतून दुसरी आणायची. जळक्या वड्यांना आमच्याकडे तोटा नव्हता.

वस्ती बघत होती. पोरं हसायची, बायका दारं लावून घ्यायच्या. दोंग्जा कोळसा निवडायच्या कामावरून काळं तोंड घेऊन परत येताना ह्या दोघांना बघून गल्लीची दुसरी बाजू धरायची. खाणीत मेलेल्याच्या बायकोला कंपनी निवडीचं काम देते. नवऱ्याचं मरण रोज हातानं चाळायचं. इमसुनला पाहून तिच्या ओठांवर जे यायचं ते ती गिळत नसे.

"चालव, चालव," ती एकदा मोठ्यानं म्हणाली. "तुझा निदान चालतोय. तुझ्याचा भात तू नीट मोजला असतास तर माझाही चालला असता."

जेगूनं ऐकलं. बायकोच्या खांद्यावर त्याचा हात होता, तो खांदा दगडासारखा झालेला त्याला जाणवला. पण तेव्हा त्याला खरोखर काही माहीत नव्हतं.

मग दुसऱ्या हिवाळ्यातली ती दुपार आली. बाहेर बर्फ पडत होतं, आई झोपली होती, इमसुन चुलीत वडी बदलत होती. आमच्या खोल्यांच्या छतात उंदीर कायमचे. दिवसभर कागदी छतावरून त्यांची धावपळ चालते, कुणाचं लक्षही जात नाही. त्या दुपारी मालगाडी गेली की काय झालं कोण जाणे, उंदीर एकाएकी गप्प झाले.

जेगू किंचाळला. दोन्ही हातांनी डोकं झाकून भिंतीला चिकटला आणि किंचाळत राहिला. धोतरासारखी सैल विजार ओली झाली. इमसुन धावत आली, त्याला छातीशी धरून बसली. थोड्या वेळानं वर पुन्हा खसखस सुरू झाली, आणि तो शांत झाला.

त्या अर्ध्या मिनिटात त्याला सगळं आठवलं होतं.

आदल्या दिवशी सुट्टी होती, म्हणून खाणीत कुणी उतरलं नव्हतं. सकाळी डबा भरताना तोच म्हणाला होता, "एक डाव जास्त घाल. उंदीर कालपासून उपाशी असतील." खाणीत आमची माणसं उंदरांना मारत नाहीत, आपल्या डब्यातला घास टाकतात. छत हलायचं असेल तर ते आधी पळतात, ते आमचे पहारेकरी. इमसुन म्हणाली, "चार होतील." तो हसला. "अगं, चौथा माझा कुठाय? उंदरांचा आहे तो. घाल." तिनं घातला.

दुपारी भात खाऊन झाल्यावर उंदीर जमले, भात खाल्ला, आणि मग एकदम निघून गेले. एकही राहिला नाही. खसखस बंद झाली. इल्बोंगनं फावडं खाली ठेवलं. "जेगू, उंदीर गेले. चल, बाहेर जाऊ." आणि जेगू म्हणाला, "पोट भरलं, म्हणून गेले. दोन गाड्या भरायच्या राहिल्यात. एवढं घाबरायचं तर बायकांबरोबर कोळसा निवडायला बस." इल्बोंग लाजून हसला आणि त्यानं फावडं उचललं.

म्हणजे तो चौथा डाव मरणाचा नव्हताच. त्या डावानं उंदरांना त्यांच्याजवळ आणलं होतं, आणि उंदरांनी सांगायचं ते सांगितलंही होतं. ऐकलं नव्हतं ते जेगूनं.

त्या संध्याकाळी इमसुननं दुसऱ्यांदा विचारलं. "उंदीर गप्प झाल्यावर का ओरडलात?"

"थंडी वाजली."

"डब्याचं काही आठवलं?"

"नाही आठवत म्हटलं ना! एकदा सांगून कळत नाही का?"

हे बोलताना त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. इमसुन बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत बसली. मग उठली आणि त्याची ओली विजार धुवायला घेतली. तिला कळलं होतं. आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

आता कुणी म्हणेल, का नाही बोलला? बोलायला काय लागतं? मी म्हणते, सहा वर्षं जेगूला रोज हाच प्रश्न पडायचा आणि रोज त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असायचं. बोललो तर दोंग्जा माझा गळा धरेल. बोललो तर आईच्या लेखी मी खुनी. आणि सगळ्यात मोठं, बोललो तर इमसुनला इथे कशाला राहायचंय? तो दळभद्री हिशोब होता, पण त्यानं तो केला होता. शरीर बरं होत होतं आणि माणूस सडत होता. राग वाढला तो याच वर्षांत. चोराला पोलीस दिसला की जसा घाम फुटतो, तसा ह्याला बायको दिसली की राग यायचा.

पायाचं म्हणाल, तर पाय शिकत होता. पंचवीस पावलं झाली, तीस झाली. कुबड्या गेल्या, काठी आली. चव्वेचाळीसाव्या पावलापर्यंत वडी गेली आणि तिथेच थांबली. दोन वर्षं थांबली.

"उचलत नाही पुढे," जेगू म्हणायचा. "मांडीत आग होते."

कंपाउंडरनं पाय दाबून पाहिला, वाकवून पाहिला. "हाडं केव्हाच जुळलीत, जेगू. चव्वेचाळीस जमतात तर अठ्ठावन्न का नाही? हे मांडीचं दुखणं नाही वाटत मला."

"तू कंपाउंडर आहेस, डॉक्टरकी करू नकोस. चालता हो."

इमसुन तिथेच उभी होती. दुसऱ्या दिवशी वडी पुन्हा चव्वेचाळीसावर.

एकोणनव्वदच्या शरदात नोटीस लागली. पुढच्या वसंतात खाण बंद. कोळसा आता कुणाला नको होता. शेजारच्या खोऱ्यातल्या वस्त्या आधीच ओस पडल्या होत्या. आमच्याकडेही लोकांनी खोकी बांधायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये हिवाळ्याच्या लोणच्यासाठी, किमचीसाठी, कोबी आले तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की या वस्तीतली ही शेवटची किमची.

किमची घालायची म्हणजे नळावर सगळ्या बायका एकत्र. कोबी चिरायचे, मिठात मुरवायचे, मुळा किसायचा, तिखट कालवायचं, एकमेकींच्या घरचं एकमेकींनी भरायचं. नऊ वर्षं इमसुनला त्यात घेतलं नव्हतं. ती बायका गेल्यावर एकटी नळावर जायची आणि चाळीस कोबी एकटी मिठात घालायची. त्या वर्षी मात्र ती सकाळीच टोपलं घेऊन नळावर गेली. शेवटचं वर्ष आहे, एक कोपरा द्या, एवढंच ती म्हणाली असावी. जेगू दाराच्या उंबऱ्यावर उन्हात बसला होता. त्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण तिची वाकलेली मान दिसली.

दोंग्जानं तिखटात माखलेले हात थांबवले. दुसऱ्या बायका तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. काय झालं असतं सांगता येत नाही. दोंग्जाही आता थकली होती, कदाचित सरकून जागा दिली असती. पण जेगूची आई तिथेच मुळे धूत होती. ती उठली, सुनेच्या हातातलं टोपलं हिसकावलं आणि चिखलात पालथं केलं.

"हिच्या हातचं मीठ कुणाच्या किमचीत नको! जाता जाता अजून एखाद्या घराचं वाटोळं करेल ही. हो घरी!"

इमसुन खाली बसून कोबी गोळा करायला लागली. चिखलातले कोबी, एकेक करून.

जेगू उठला. काठी घेतली. पंधरा, वीस, तीस. मांडीत आग होती, ती खरीच होती. चव्वेचाळीसाव्या पावलावर कालची वडी होती. त्यानं काठीनं ती बाजूला सारली आणि पंचेचाळीसावं पाऊल टाकलं. अठ्ठावन्नावर त्याचे पाय लटपटत होते आणि कपाळावरून घाम गळत होता. इमसुन अजून कोबी उचलत होती. तिनं मान वर केली नाही.

"चौथा डाव मी मागितला होता," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. "ती नको म्हणत होती. मी म्हटलं घाल. उंदरांसाठी."

"त्याचं डोकं फिरलंय," आई म्हणाली. "बायकोला वाचवायला खोटं बोलतोय. त्याला आठवत नाही, डॉक्टरनं सांगितलंय..."

"सहा वर्षं झाली आठवून. आई, तू गप्प बस." मग तो दोंग्जाकडे वळला. "वहिनी, उंदीर पळाले होते. इल्बोंग म्हणाला, चल बाहेर."

दोंग्जा उठून उभी राहिली. "आणि तुम्ही?"

"मी त्याची थट्टा केली."

"काय म्हणालात?"

त्यानं सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. नळाखाली ठेवलेली बादली भरून वाहत होती, कुणी नळ बंद केला नाही.

"लगेच गेला का तो?" दोंग्जानं विचारलं. "कंपनीनं मला सांगितलं, लगेच गेले, त्रास झाला नाही."

"नाही. चार तास होता. दिसत नव्हता, आवाज येत होता. मला शिव्या देत होता."

"कुठल्या?"

"वहिनी..."

"कुठल्या शिव्या, भाऊजी? सांगा."

"सडका मुळा म्हणाला. पुन्हा पुन्हा. सडक्या मुळ्या, तुझं ऐकलं मी, सडक्या मुळ्या."

दोंग्जाच्या तोंडातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि ती मटकन खाली बसली. "तोच," ती म्हणाली. "तोच बोलायचा असं. लग्नात माझ्या भावालाही म्हणाला होता." मग तिनं तिखटाचा गोळा हातात घेतला आणि सगळा जेगूच्या छातीवर फेकून मारला. "चालते व्हा इथून. नऊ वर्षं मी हिच्या अंगावर थुंकले! तुमच्यामुळे! चालते व्हा!"

इमसुन तोवर कोबी गोळा करून उठली होती. तिनं टोपलं नळाच्या कट्ट्यावर ठेवलं. मग ती चव्वेचाळीसाव्या पावलापर्यंत चालत गेली, बाजूला पडलेली वडी उचलून आणली आणि जेगूच्या पायाशी, नळाजवळ ठेवली.

"झाले अठ्ठावन्न," ती म्हणाली.

ती पुढे घरी गेली. तो मागून गेला, कुणाच्याही आधाराशिवाय, छातीवरचं तिखट तसंच घेऊन. आई सगळ्यात शेवटी आली आणि कोपऱ्यात बसली. जेवणाची वेळ झाली होती. इमसुननं भाताचं भांडं उघडलं, लाकडी डाव घेतला. आई मोजायला लागली नाही. म्हणून इमसुननं स्वतःच मोजलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"एक. दोन. तीन." तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं डोळे खाली घातले. "चार."

वाडगा जेगूसमोर ठेवला, कालवण ठेवलं, मुळ्याची जुनी किमची ठेवली.

"इमसुन," तो म्हणाला, "आज सांगितलं ना मी. सगळ्यांसमोर सांगितलं."

"सांगितलंत. उंदीर गप्प झाले त्या दुपारी मला एकटीला सांगितलं असतंत, तर मी ते कुणालाही कळू दिलं नसतं. त्याच उंबऱ्यात बसून जन्मभर तुमच्या शिव्या खाल्ल्या असत्या." तिनं फळीवरचं गाठोडं काढलं. ते बांधलेलंच होतं. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. "जेवा. निवतंय."

"सुने," आई कोपऱ्यातून म्हणाली. नऊ वर्षांत तिनं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला.

इमसुननं बूट घातले. गल्लीत दोंग्जा उभी होती, हात न धुता, कोपरापर्यंत लाल. तिनं इमसुनच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि दोघी बसथांब्याच्या वाटेला लागल्या.

जेगू भात खात होता. पहिला डाव संपला, दुसरा संपला. छतात उंदीर पळत होते. चौथा डाव संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.